पेपर फाडू का?

आमच्या भागात पॉलीहाऊसच्या प्लॅस्टिकला पेपर म्हणतात. कागदाशी त्याचा काही संबंध नाही. लोखंडी पाइपांचा उंच सांगाडा असतो, त्यावर दुधाळ रंगाचं जाड प्लॅस्टिक ताणून बसवतात आणि आत गुलाबाचे बेड, म्हणजे उंच वाफे, असतात. ते प्लॅस्टिक म्हणजे पेपर. तो जुना झाला की बदलायचा, मळला की धुवायचा. आणि कधी अंगावर येईल असं वारं सुटलं, तर तो स्वतःच्या हातानं फाडायचा, म्हणजे वारं आरपार निघून जातं आणि सांगाडा वाचतो. नाही फाडला तर वारं आत शिरतं, वरचं सगळं छत्रीसारखं उचलतं आणि उलटं करून टाकतं.

"पेपर फाडू का?" असं माझ्या थोरल्या भावानं त्या दुपारी मला फोनवर विचारलं आणि मी नको म्हणालो.

सांगायचं आहे ते एवढंच. पण एवढं एक वाक्य मी कुणाजवळ बोललो नव्हतो, बायकोजवळसुद्धा नाही. मी मुळात कमी बोलणारा. लोकांना तो माझा सद्गुण वाटतो आणि मीही तसं वाटू दिलं.

ते टाळेबंदीचं वर्ष होतं. चाकणच्या कंपन्या नुकत्याच अर्ध्या माणसांवर सुरू झाल्या होत्या. मी क्वालिटीला आहे. तयार झालेला पार्ट ड्रॉइंगप्रमाणे आहे की नाही ते तपासायचं, एवढं माझं काम. पुनावळ्याच्या फ्लॅटमधून पास दाखवत, तोंडाला मास्क लावून कंपनीत जायचो. गाव चाकणच्या पश्चिमेला, डोंगराच्या अंगाला. तिथं थोरला भाऊ, वहिनी आणि पुतणी. शेत दोघांच्या नावावर, पण कसायचा दादा. मी महिन्या-दोन महिन्यांतून जायचो, गुलाबाचे फोटो काढायचो आणि ऑफिसात दाखवायचो.

वादळ येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण आमच्याकडे वादळ ही कोकणातली गोष्ट. इथं वळीव येतो, गारा पडतात, पत्रे उडतात. पण समुद्रातलं वादळ? अरबी समुद्रात उठलेलं तसलं काही गुजरातकडे जातं, नाहीतर तिकडे ओमानला. हे मात्र आमच्या किनाऱ्याकडे वळलं होतं आणि घाट चढून नाशिकच्या दिशेनं जाणार, असं बातम्या सांगत होत्या. आदल्या दिवशी दादाशी बोलताना मागून शेजारच्या काकांचा आवाज आला होता, "वादळ घाट चढंल व्हय? त्याला काय यष्टीचा पास दिलाय?" आम्ही दोघंही हसलो होतो.

दुपारी दादाचा फोन आला तेव्हा मी लाइनवर एका पार्टवरून वाद घालत होतो. बाहेर पाऊस तिरपा झाला होता आणि शेडचे पत्रे वाजत होते.

"आरं, वारं लई वाढलंय. गुलाबवाल्यांच्या ग्रुपवर टाकलंय, पेपर फाडा म्हणून. खालच्या आळीतल्या दोघांनी फाडला बी. फाडू का?"

"नको फाडू. घाटात मोडतं ते. इथवर येईपर्यंत काही राहत नाही त्यात."

"तुझी वहिनी इळा घेऊन उभी हाय माझ्यासमोर."

"वहिनींना म्हणावं, आत बसा. पेपर फाडायचा नाही."

"बघ हं. तू म्हणतोस तर ऱ्हाऊ दे."

फोन ठेवला तर समोरचा ऑपरेटर मास्कच्या आडून हसत होता. बीडकडचा पोरगा. "काय साहेब, कुणाचा पेपर? बारावीचा का? पोरगी नापास झाली तरी फाडू नका म्हणावं." शेजारचे दोघं-तिघं खदखदून हसले. मीही हसलो आणि कामाला लागलो.

मला आता जे लिहायचं आहे ते त्या फोनपेक्षा लाजिरवाणं आहे. मी उत्तर आधी दिलं आणि नकाशा नंतर पाहिला. थोड्या वेळानं, चहाच्या वेळी, मोबाइलवर वादळाचा मार्ग उघडला. एक रेघ होती. समुद्रातून निघून किनाऱ्यावर आलेली, घाट ओलांडून वर गेलेली. आमच्या गावाच्या बरीच उत्तरेकडून गेली होती ती. मला हायसं वाटलं. बघा, आपण म्हणालो तेच बरोबर. मी दादाला पुन्हा फोन केला नाही.

ज्या माणसाचं पोट ड्रॉइंग वाचण्यावर चालतं, त्यानं ती रेघ अशी वाचली. आमच्या ड्रॉइंगवरही सेंटर लाइन असते, बारीक, तुटक. नवीन पोरांना मी पहिल्याच दिवशी सांगतो, की ही रेघ म्हणजे वस्तू नव्हे, वस्तू हिच्या दोन्ही अंगांना असते. वादळाची रेघ मात्र मला वाटेसारखी वाटली, वादळ जणू त्या पायवाटेनं एका ओळीत चालत जाणार होतं.

आणि उत्तर इतक्या घाईनं का दिलं? कामात होतो म्हणून, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. दादा मला विचारायचा, याचं मला सुख होतं. लहानपणी मला खांद्यावर घेऊन ओढा ओलांडणारा भाऊ आता बियाणं कुठलं, औषध कुठलं, डॉक्टर कुठला, सगळं मला विचारतो, चारचौघांत म्हणतो, "थांबा, धाकट्याला इचारतो." विचारल्याबरोबर उत्तर आलं नाही तर ते सुख कमी झालं असतं. म्हणून माझं उत्तर नेहमी तयार असायचं. मला माहीत नसलेल्या गोष्टींचंसुद्धा.

खरं वारं आलं ते चहानंतर. आमच्या शेडचा एका कडेचा पत्रा उचकटला आणि फडफडत राहिला. लाइट गेली, लाइन थांबली, सगळ्यांना आतल्या बाजूला बसवलं. मी दादाला फोन लावत राहिलो, पण रेंज नव्हती.

वारं उतरल्यावर गाडी काढली. रस्त्यावर बाभळी आडव्या पडल्या होत्या, विजेचे खांब शेतात झोपले होते, आणि एका वर्कशॉपचं आख्खं छप्पर उसाच्या फडात जाऊन बसलं होतं. माणसं कुऱ्हाडी घेऊन फांद्या तोडत होती आणि मास्क गळ्यात लोंबत होते. गावाच्या वेशीपासून पुढे चालत जावं लागलं.

पॉलीहाऊस उभं नव्हतं. पाइप मधून वाकून एकमेकांत अडकले होते आणि पेपर त्यावर ओला होऊन पसरला होता, पुष्कळ जागी न फाटता, चांगलाच्या चांगला. खाली बेडांमधली झाडं दडपली होती. एका टोकाला पेपराची घडी पडून तिच्यात पाणी साठलं होतं आणि त्यात तांबड्या कळ्या तरंगत होत्या. कुणाला इजा झाली नव्हती, हे देवाचे उपकार. खालच्या आळीतल्या दोघांचे सांगाडे उभे होते, वर चिंध्या घेऊन. नवा पेपर चढवला की त्यांचं पुन्हा सुरू होणार होतं.

बांधावर माणसं जमली होती. शेजारचे काका म्हणाले, "थोरल्यानं लोभ केला. पेपर वाचवाया गेला आन् आख्खं पॉलीहाऊस घालवून बसला."

वहिनी चिखलात उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भाऊजी, मी इळा घिऊन हुबी व्हते वो. म्हनलं फाडते. ह्यांनी हात धरला माझा. ह्यांचा जीव त्या पेपरात."

दादानं माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग नजर काढून पाइपांकडे लावली.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. आणि मी बोललो. मी म्हणालो, "जाऊ द्या वहिनी. दादाला तरी काय ठाऊक होतं."

किती मायेनं म्हणालो मी ते! काकासुद्धा म्हणाले, "धाकटा समजूतदार हाय." गप्प बसलो असतो तर ते निदान भित्रेपण झालं असतं. मी त्याची बाजू घेतल्यासारखं दाखवून सगळा दोष त्याच्या अंगावर नीट बसवून दिला, आमच्याकडे पेपर ताणून पट्टीत बसवतात तसा, कुठे सुरकुती न ठेवता.

दादानं काही म्हणजे काही म्हटलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही.

पॉलीहाऊस पुन्हा उभं राहिलं नाही. पुढच्या वर्षी मी शब्द टाकला आणि दादा आमच्याच कंपनीत गेटवर सिक्युरिटीला लागला. निळा शर्ट, शिट्टी, कानटोपीच्या जागी कॅप. गावातले आणखी तिघं-चौघं त्याच कामावर होते, त्यात काही विशेष नव्हतं. विशेष असलंच तर माझ्यासाठी. सुटताना प्रत्येकाची बॅग तपासायची असते. माझी पाळी आली की तो मोठ्यानं म्हणायचा, "साहेब, डबा उघडा. बाईसाहेबांनी काय दिलं व्हतं बघू." पहिल्या दिवशी मी गडबडून डबा उघडला. त्यानं आत वाकून पाहिलं, "भेंडी. सोडा रे ह्यांना." सगळे हसले. तेव्हापासून तो रोजचा खेळ झाला. एकदा एका नव्या साहेबानं विचारलं, "हा गार्ड तुमच्या फार ओळखीचा दिसतो?" मी म्हणालो, "माझा मोठा भाऊ आहे." एवढं तरी मी लपवलं नाही. पण ते सांगताना माझा आवाज असा निघाला की साहेबानं पुढे काही विचारलंच नाही.

एक गोष्ट मात्र कमी झाली होती. दादा आता मला काही विचारत नव्हता. कंपनीत नाही, घरी नाही. पुतणीला कुठल्या कॉलेजात घालायचं, हेसुद्धा त्यानं तिला घातल्यावर मला सांगितलं. मला वाटलं, हाच माझा दंड. आणि दंड भरतोय म्हणजे फिटतंय, असा एक हिशेब मनात धरून मी बसलो.

वहिनींच्या तोंडी मात्र एक वाक्य कायमचं राहिलं. दूध उतू गेलं, गाडी चुकली, काही झालं की, "आमच्या ह्यांचा हात वेळेवर उचलत न्हाई." आधी ते रागानं यायचं, मग सवयीनं, मग थट्टेनं. पुतणी मोठी झाली तशी तीही म्हणू लागली, "पप्पा, तुमचा हात उचलणार का, का मी घेऊ?" दादा हसायचा.

यंदा उन्हाळ्यात पुतणीला बघायला पाहुणे आले. देहूकडची माणसं, शेतीवाडीची. मुलगा वाकडला नोकरीला. मीही सकाळीच गेलो होतो. पोहे झाले, चहा झाला, मग मुलाचे वडील मागच्या दारानं शेत बघायला बाहेर पडले. वाकलेले पाइप अजून तिथंच आहेत. गंज चढलाय, वेल चढलेत. त्यांनी साहजिकच विचारलं, हे काय?

"पॉलीहाऊस व्हतं," दादा म्हणाला. "वादळात गेलं."

"पेपर फाडला नव्हता का?"

दादानं उत्तर द्यायच्या आधी वहिनी दारातून म्हणाल्या, "आमच्या ह्यांना पेपरची लई माया. मानूस गेलं तरी चालंल, पेपर ऱ्हायला पायजे."

पाहुणे हसले. पुतणी पदर सावरत हसली. मुलाची आई म्हणाली, "पुरुषांचं असंच बाई." आणि दादा हसला. तो सगळ्यांत मोठ्यानं हसला. त्या हसण्यात तो मुलाच्या वडिलांना हातानं इकडच्या बाजूला वळवत होता, आंब्याकडे.

पाहुणे गेले तेव्हा ऊन उतरलं होतं. पुतणी आत कपडे बदलायला गेली. दादा ओट्यावर बसून चपला झाडत होता, वहिनी कपबश्या विसळत होत्या. मी उभाच होतो. मला वाटतं उभा राहिलो म्हणूनच बोललो, बसलो असतो तर पुन्हा राहिलं असतं.

"वहिनी, त्या दिवशी दादानं मला फोन केला होता. पेपर फाडू का, विचारायला. मीच नको म्हणालो."

वहिनींचे हात थांबले. नळ चालू राहिला.

"कधी?"

"तुम्ही विळा घेऊन उभ्या होतात तेव्हा. दादा म्हणाला तसं मला. मी म्हणालो, वहिनींना आत बसायला सांग."

मी तयारी केली होती ती त्यांच्या रागाची. रडण्याची. माझ्याशी न बोलण्याची. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. नळ बंद केला, हात पुसले आणि दादासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"वाऱ्यात मला काय ऐकू यीना. तुमी फोनवर बोलत व्हता ते मला वाटलं, मजूर बोलवताय."

दादा चप्पल झाडत राहिला.

"मी कुटं व्हते तवा?"

"हितंच."

"समोर व्हते ना?"

"व्हय."

"आन् इचारलं कुनाला?"

दादानं चप्पल खाली ठेवली. मग तो माझ्यावर उसळला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "तुला कुणी सांगितलं व्हतं शानपना करायला? आं? मी काय मागितलं व्हतं तुझ्याकडं?"

"दादा, लोक तुला लोभी म्हणतात. घरात..."

"म्हणू दे की! हावरा म्हणत्यात, म्हणू दे. हावरा मानूस घराचा मालक तरी आसतोय. आता काय झालो मी? धाकट्याच्या तोंडाकडं बघणारा. बायकोच्या हातातला इळा काढून घेतला, आन् कशासाठी? तर फोनवरचा एक म्हनला म्हणून!" त्याचा आवाज फाटला. "तुझं ओझं हलकं झालं ना? जा आता सुखानं."

मी समजत होतो, तो माझ्यासाठी गप्प बसला. मोठा भाऊ, मोठं मन, वगैरे. त्यानं माझं झाकलं, असं म्हणत मी मनातल्या मनात त्याच्या पाया पडत होतो. तो त्याचं स्वतःचं झाकत होता, आणि मी ते न विचारता उघडं केलं होतं. उत्तर जसं घाईनं दिलं होतं, तशीच कबुलीही घाईनं दिली. समोरच्याला ती हवी आहे का, हे मी तेव्हाही पाहिलं नाही.

पुतणी दारात येऊन उभी होती. तिनं किती ऐकलं ते कळलं नाही, पण ती हसत नव्हती.

वहिनी ओट्यावर बसल्या, दादापासून थोड्या लांब. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्यावर राग न्हाई माझा. तुमी लांब व्हता. लांबच्याला काय दिसनार?" आणि पुढे म्हणाल्या, "राग आला आसता तर बरं वाटलं आसतं तुमाला, न्हाई का?"

मी मान डोलावली.

"मग ऱ्हाऊ द्या तसंच."

दादा उठून जाईल असं मला वाटलं होतं. पण तो उठला नाही. वहिनीही उठल्या नाहीत. पुतणीनं चहा ठेवल्याचा आवाज आतून आला. वाकलेल्या पाइपांवरच्या वेलांत चिमण्या भांडत होत्या, आणि आम्ही तिघं तिकडे बघत राहिलो, कारण एकमेकांकडे बघणं अवघड होतं.

"मी आटरा वरसं त्या पॉलीहाऊसात हात काळे केले," वहिनी म्हणाल्या. आता त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. "फुलं तोडायची मी. बेड भरायचे मी. मला वाटायचं, मानसाला पेपर माझ्यापेक्षा प्यारा झाला. त्याचं वाईट वाटायचं मला. पन ह्याच्यापुढं ते काईच न्हवतं."

"चुकलं," दादा म्हणाला.

"काय?"

"चुकलं म्हनलं."

"मोठ्यानं बोला. पाव्हन्यांत तर मोठ्यानं हसत व्हता."

दादानं तोंड फिरवलं, पण मी त्याच्या बाजूला होतो, मला दिसलं. तो हसू आवरत होता की दुसरं काही, ते सांगता येत नाही.

मग वहिनी पदर खोचत म्हणाल्या, "त्ये पाइप काढा तितनं. लगीन ठरलं तर मांडवाला जागा लागंल. आन् मोकळी झालेली जागा काय पडीक ठिवनार? काय लावायचं त्यात?"

दादा विचार करू लागला. आणि सवयीनं, अगदी नकळत, इतक्या वर्षांनी त्याची मान माझ्याकडे वळली.

मला उत्तर येत होतं. खरंच येत होतं. त्या जमिनीत काय चांगलं येईल याबद्दल मी मागच्याच आठवड्यात एका मित्राशी बोललो होतो. जिभेवर शब्द आला होता. मी उठलो, म्हणालो, "गाडी उन्हात आहे, बघून येतो," आणि चालू लागलो. ऊन कुठं होतं? सावली सगळ्या अंगणात पसरली होती. तिघांनाही ते दिसत होतं, पण मला कुणी अडवलं नाही.

मी गाडीच्या पलीकडे जाऊन, त्यांना दिसणार नाही असा उभा राहिलो. मग दादाचा आवाज आला, "झेंडू?"

"झेंडू कशाला, समदी लावत्यात झेंडू," वहिनी म्हणाल्या. "भाव पडतोय."

"मग तू सांग."

"मी सांगू? मग आयकाल का?"

त्यावर दादा काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. मी पुढे होऊन ऐकायचा प्रयत्नही केला नाही.